पानावरचा हात

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या.

पूर्वी डाव आणि पळ्या माणसाच्या हाताशिवायच जेवण वाढत. तेव्हा एका खानावळीवर पाटी लागली, 'उत्तम सर्व्हिस'.

"पळीताई, सर्व्हिस म्हणजे काय गं?" वरणाच्या डावाने तुपाच्या पळीला विचारलं.

"एसटीवाले गाडीच्या फेरीला म्हणतात, गॅरेजवाले तेलपाण्याला, मुलीचे बाप नोकरीला. आपल्यापुरता अर्थ तू बघ."

"त्यात काय बघायचं? वाढत सुटायचं."

दुपारी रोज जेवायला येणाऱ्या भिवाअण्णांनी पानावर हात आडवा धरला. "बास रे, पोट भरलं."

"लाजू नका अण्णा," म्हणत डावाने ओतलंच. गरम वरण हातावर पडलं. अण्णा पानावरून उठून गेले.

"माणूस तोडलास," मालक म्हणाला. "उद्या अण्णा आले नाहीत, तर तू मोडीत."

डावाला मोडीपेक्षा तो भाजलेला हातच डोळ्यांपुढे दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंगतीला अण्णा आले, हाताला फडकं बांधून. डाव भरून त्यांच्या पानापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, वाढू?"

अण्णा फडक्याची गाठ नीट करत बसले. पुढची पानं हाका मारत होती, वरण निवत होतं. डाव त्यांच्या उत्तराची वाट बघत तिथेच थांबून राहिला.