आबांना साखर आहे, टिंबीला चुरा हवा

ऐका हं. पण पाय हलवू नका. ही गोष्ट पायाशीच घडते.

एक होती मुंगी. टिंबाएवढी. म्हणून नाव टिंबी.

टिंबी राहायची आबांच्या खुर्चीखाली. फरशीच्या फटीत. रोज चार वाजता आबांचा चहा यायचा. चहाबरोबर नानकटाई. आबा नानकटाई खायचे. कुरुम कुरुम. चुरा सांडायचा. भुरुभुरु. तो चुरा टिंबीचा. तिच्या हक्काचा.

एक दिवस चार वाजले. चहा आला. नानकटाई आलीच नाही.

कुंदाकाकू म्हणजे आबांची सून. ती म्हणाली, "आबा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? तुम्हाला साखर आहे. आजपासून नानकटाई बंद. आणि रोज चालायचं."

"नानकटाई बंद?" आबा म्हणाले. "मग चालणं पण बंद. उठणं पण बंद. जा!"

आबा रुसले. हाताची घडी. तोंडाचा चंबू. एक दिवस रुसले. दोन दिवस रुसले. तीन दिवस रुसले.

इकडे टिंबीच्या मिशा ताठ. वळवळ वळवळ.

"आबांना साखर आहे? आहे, तर कुठे आहे?"

टिंबी चढली आबांच्या सदऱ्यावर. डाव्या खिशात रुमाल. उजव्या खिशात चष्म्याचं घर. साखरेचा एक दाणा नाही!

"लपवली वाटतं," टिंबी म्हणाली.

मोठी माणसं बोलतातच असं. साखर खायची नाही, असं सांगायचं असतं. आणि म्हणतात, साखर आहे! टिंबीला काय ठाऊक?

शेवटी कुंदाकाकू म्हणाली, "आता रुसू नका हो आबा. तुमच्यासाठी स्कोन करते."

"कोण?"

"कोण नाही हो, स्कोन! बिस्किटाचा गुबगुबीत भाऊ. गव्हाचं पीठ, दही, लोणी आणि दालचिनी. साखर नाही."

"साखर नाही? बरं. येऊ दे तुझा कोण. मग बघू."

घड्याळ वाजलं. टिक टिक टिक. स्कोन आला नाही. चुरा सांडला नाही. टिंबीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. मुंगीच्या पोटात कावळे! मावले कसे, देव जाणे.

टिंबी खुर्चीखालून बाहेर आली.

"आबा आबा, चुरा सांडा ना!
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

आबा म्हणाले, "सांडेन गो. पण आधी खायला नको? काकू भाजेल, तर मी खाईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, थांबणं माहीतच नाही. स्वयंपाकघरात आली. काकूचे हात पिठात बुडालेले.

"काकू काकू, स्कोन भाज ना!
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

काकू म्हणाली, "भाजेन गो. पण दालचिनीची पूड संपली. साखर नाही, दालचिनी पण नाही, मग काय पिठाचा गोळा देऊ आबांना? खलबत्ता कुटेल, तर मी भाजेन."

टिंबी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, थांबणं माहीतच नाही. ओट्याच्या कोपऱ्यात खलबत्ता बसला होता. काळा काळा, जाड जाड.

"खलबत्त्या खलबत्त्या, दालचिनी कूट ना!
काकू भाजत नाही,
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

खलबत्ता म्हणाला, "कुटेन की. पण काय कुटू? माझ्यात बघ. ठणठण गोपाळ! झाड साल देईल, तर मी कुटेन."

टिंबी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, थांबणं माहीतच नाही. अंगणात आली. अंगणात दालचिनीचं झाड. पानं खाली, मान खाली.

"झाडा झाडा, साल दे ना!
खलबत्ता कुटत नाही,
काकू भाजत नाही,
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

झाड म्हणालं, "देईन बाळ. पण मला तहान लागलीय. तीन दिवस पाणी नाही. साल अंगाला चिकटून बसलीय. झारी शिंपेल, तर मी साल देईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, थांबणं माहीतच नाही. नळाखाली झारी बसली होती. लांब सोंड, मोठं पोट.

"झारी झारी, पाणी शिंप ना!
झाड साल देत नाही,
खलबत्ता कुटत नाही,
काकू भाजत नाही,
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

झारी म्हणाली, "शिंपेन ना. पण माझं पोट रिकामं. तुझ्यासारखंच! नळ सुटेल, तर मी शिंपेन."

टिंबीने वर बघितलं. वर नळ होता. टिंबी नळावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नळा नळा, सूट ना!
झारी शिंपत नाही,
झाड साल देत नाही,
खलबत्ता कुटत नाही,
काकू भाजत नाही,
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

नळ म्हणाला, "टप्. सुटेन. टप्. पण मी आहे घट्ट. टप्. मला आबांचाच हात लागतो. आबांच्या चपला चालतील, तर मी सुटेन. टप्."

टिंबी उतरली. पुन्हा निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, पाय दुखले तरी थांबणं माहीतच नाही. दारात आबांच्या चपला. एक इकडे तोंड करून, एक तिकडे तोंड करून.

"चपलांनो चपलांनो, चाला ना!
नळ सुटत नाही,
झारी शिंपत नाही,
झाड साल देत नाही,
खलबत्ता कुटत नाही,
काकू भाजत नाही,
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

एक चप्पल म्हणाली, "आम्ही चालू."

दुसरी म्हणाली, "आम्ही चालू. पण आमच्यात पाय कुठायत?"

दोघी म्हणाल्या, "आबांचे पाय उठतील, तर आम्ही चालू."

टिंबी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली खुर्चीपाशी. खुर्चीखाली आबांचे पाय. अंगठा आपला हलतोय. टुक टुक, टुक टुक.

"पायांनो पायांनो, उठा ना!
चपला चालत नाहीत,
नळ सुटत नाही,
झारी शिंपत नाही,
झाड साल देत नाही,
खलबत्ता कुटत नाही,
काकू भाजत नाही,
आबा खात नाहीत,
चुरा सांडत नाही,
आणि मला बाई राहवत नाही!"

अंगठा म्हणाला, "आबा रुसले, म्हणून आम्ही रुसलो. आबा स्कोन खातील, तर आम्ही उठू."

अरे देवा! आबा खातील तर पाय उठतील. पाय उठतील तर आबा खातील. गोल गोल गोल! टिंबी जिथून निघाली, तिथेच आली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

टिंबी फार रागावली. फार फार भुकेली होती ना. मिशा वळवळ. पाय वळवळ. अंगठा आपला समोर, टुक टुक, टुक टुक.

"मला बाई राहवत नाही!" टिंबी म्हणाली.

आणि खरंच राहवलं नाही.

कच्च!

चावली! अंगठ्याला चावली!

"आई आई आई गं!"

पाय उठले. उठले म्हणजे काय, उडालेच! पाय गेले चपलांमध्ये. डावा उजवीत, उजवा डावीत. चपला चालल्या. चट्टक फट्टक, चट्टक फट्टक.

"आग आग! पाणी पाणी!" म्हणत आबा धावले नळाकडे. नळ पिळला. नळ सुटला. भळाभळा, भळाभळा. थोडं पाणी अंगठ्यावर, थोडं झारीत. अंगठा गार झाला. झारी भरली.

आबांनी झाड बघितलं. "अरेच्चा! हे सुकलंय की. कुणी पाणी घालत नाही का याला?"

झाडाला रोज पाणी कोण घालायचं, माहितेय? आबाच! तेच तर तीन दिवस रुसून बसले होते.

आबांच्या लक्षात आलं. आबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग हळूच झारी उचलली.

झारी शिंपली. झुळुझुळु.
झाड प्यायलं. गटागटा.
झाडाने साल दिली. सर्र सर्र.
काकूने साल तव्यावर परतली. कडक झाली.
खलबत्ता कुटला. ठण ठण ठण.
काकूने मळलं, थापलं, ओव्हनमध्ये ठेवलं.

आणि वास सुटला. घम् घम् घम्! स्वयंपाकघरात वास. अंगणात वास. फरशीच्या फटीत पण वास!

टिंबी मात्र कुठे होती? खुर्चीखाली. अगदी आत, अंधारात. चावून पळाली होती ना! मोठ्या माणसाला चावलं, आता चुरा मिळेल का? टिंबीला भीती वाटली. मिशा थरथर, थरथर.

आबा खुर्चीत बसले. काकूने बशी दिली. बशीत स्कोन. गुबगुबीत. गरम.

"एकच हं आबा. दोन मागायचे नाहीत."

"कोण मागतोय?" आबा म्हणाले.

"कोण नाही हो, स्कोन!"

आबांनी एक घास खाल्ला. तोंड वाकडं केलं. "गोड नाही गो."

दुसरा घास खाल्ला. तोंड सरळ झालं. "पण वास कसा छान येतो!"

तिसरा घास खाल्ला. कुरुम कुरुम. मग आबा खाली वाकले. खुर्चीखाली बघितलं.

"मला कोण चावलं?"

टिंबी बाहेर आली. एकच पाऊल. "मी चावले."

"का गो चावलीस?"

"भूक लागली म्हणून. सगळे म्हणतात आबांना साखर आहे. खिशात बघितली. नाही. मग चावून बघितलं. अंगठ्यात पण नाही! आबा, तुम्ही मुळीच गोड नाही!"

आबांनी काकूकडे बघितलं.

काकूने आबांकडे बघितलं.

मग आबांचं पोट हललं. हो हो हो! आबा हसले. तीन दिवसांनी हसले. पोट हललं, बशी हलली, बशीतला स्कोन हलला. आणि चुरा सांडला. भुरुभुरु भुरुभुरु! टिंबीच्या डोक्यावर सांडला. मिशांवर सांडला.

टिंबीने खाल्ला. साखर नव्हती. पण खूप छान लागला. आबा वरून हसत होते ना.

"उद्या पुन्हा चार वाजता?" टिंबीने विचारलं.

"उद्या आधी चालायचं," आबा म्हणाले. "झाडाला पाणी घालायचं. मग चुरा."

"आणि तुम्ही उठला नाहीत तर?"

"तर?"

टिंबीने तोंड उघडलं. एवढंस्संच.

दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आधीच आबा दारात उभे. चपला पायात. डावा डावीत, उजवा उजवीत. चट्टक फट्टक, चट्टक फट्टक.

टिंबी पोटभर जेवली, फटीत जाऊन झोपली.

हं, आता हलवा पाय.