तुंगेगावच्या खुर्च्यांवरची घाणेरी

तुंगेगावच्या नाट्यगृहात शिरलात की आधी खुर्च्या बघा. साडेचारशे खुर्च्या, आणि प्रत्येकीच्या कापडावर घाणेरी फुललेली. बांधावरची तीच, जिचा पाला चुरगळला तर तीनदा हात धुतले तरी वास जात नाही. गावाला दुसरं फूल मिळालं नाही का? मिळालं होतं, असं सांगतात.

नाट्यगृह बांधून झालं, तेव्हा खुर्च्यांचं कापड विणायचं काम मार्तंडतात्या कोष्ट्यांनी मागून घेतलं. पहिल्या नमुन्यात त्यांनी कमळं विणली. महिनाभर मान वर केली नाही. एक खुर्ची मढवून आणली. मंडळाचे अध्यक्ष दिगंबरपंत बसायला वाकले, ते तसेच सरळ झाले.

"तात्या, लक्ष्मीच्या आसनावर मी बूड टेकू?"

तात्यांनी बेल विणला. तो महादेवाचा निघाला. दूर्वा गणपतीच्या. रुईची पानं मारुतीनं घेतली, केवडा हरतालिकेला गेला. दर नकाराला तात्या धोटा भिंतीवर भिरकावत, म्हणे, आणि मग स्वतःच उचलून आणून पुन्हा मागावर बसत.

उद्घाटन पंधरा दिवसांवर आलं. पंत म्हणाले, "राहू द्या आता. तांबडं रेक्झिन लावतो."

हे मात्र तात्यांना झोंबलं. कोष्ट्यांच्या गावानं रेक्झिनवर बसून नाटक बघायचं! "अरे देवांनो, माझ्यासाठी एक पान तरी ठेवायचं होतंत!" असं ओरडत ते तरातरा ओढ्याकडे निघाले आणि घाणेरीच्या जाळीत पाय अडकून तोंडावर आपटले. उठले ते हातात फांदी घेऊनच.

पंधरा दिवसांत सगळं कापड निघालं. कसं, ते विचारू नका. शेवटी शेवटी माग आपला आपणच चालत होता, असं आळीतली माणसं सांगतात.

पंतांनी खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ही कुठल्या देवाला चालते?"

"कुठल्याच नाही. बसा आता!"

पंत बसले. गाव बसलं. आणि पहिल्या प्रयोगाआधी नटराजाची पूजा चालू असताना नाटकातली नायिका कौतुकानं घाणेरीचा गुच्छ वाहायला पुढे झाली. तिसऱ्या रांगेतून तात्या धोतर सावरत धावले आणि त्यांनी तिचा हात वरच्यावर धरला.

"बाई गं, वाहू नकोस! साडेचारशे माणसं उभी राहतील!"

आजही तुंगेगावात नटराजाला हवं ते फूल वाहा, कुणी अडवणार नाही. घाणेरी तेवढी दारातच काढून घेतात. त्यासाठी दर प्रयोगाला कोष्टी आळीतला एक जण पाळीनं उभा असतो, आणि तो सगळ्यांचे खिसे तपासतो.