झोळीत गेलेल्या चाली

तळेखेडला केरोबा महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, चार खणांचे घर, पुढे ओटा आणि ओट्यावर घोंगडी टाकून बसलेले महाराज. अंगावर पंचा, खांद्याला झोळी आणि नाकाच्या शेंड्यावर राग! होय, राग. भाविक हो, संत म्हटला की तो सदा मंद मंद हसत असायचाच, ही जी तुमची समजूत आहे ना, ती आमच्या महाराजांनी कितीदा मोडीत काढली त्याला गणती नाही. "पुन्हा तेच विचारलंस?" असे महाराज कडाडले, म्हणजे विचारणाऱ्याने खुशाल समजावे की आपले काम झाले. गोड बोलून वाटेला लावले, तर मात्र काळजी करावी.

महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी माघात येई. त्या दिवशीचा एक नेम होता. दरवर्षी महाराज एक नवा अभंग रचत, आणि भजनी मंडळातल्या कुणीतरी त्याला चाल लावायची. पुण्यतिथीच्या सकाळी, सूर्य कासराभर वर आला की, समाधीपुढे सगळ्या गावाच्या देखत तो अभंग पहिल्यांदा म्हणायचा. 'कुणीतरी' म्हणायचे एवढेच. वीस वर्षे चाल लावत होते ते वामनबुवा पळसगावकरच.

बुवांचा गळा गोड होता, ते काही खोटे नाही. चारशे चाली त्यांना तोंडपाठ होत्या. पण मिजास! दुसऱ्या कुणी दोन ओळी गुणगुणल्या रे गुणगुणल्या, की बुवा डोळे मिटून मान हलवत आणि म्हणत, "ही तर अमक्याची." झाले. गुणगुणणाऱ्याचे तोंड तिथेच बंद.

त्या वर्षी महाराजांनी अभंगाचा कागद बुवांपुढे धरलाच नाही. टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत गोंदाजी तांबट उभा होता, त्याच्या हातात तो कोंबला.

"गोंदा, यंदा तू."

गोंदाजीच्या हातातला टाळ पडायचाच राहिला. बिचारा तांबट आळीतला, दिवसभर हंडे-घंगाळी ठोकणारा माणूस. बायको चार वर्षांपूर्वी गेली. घरात तो आणि म्हातारी आई, मंजुळाबाई. आळीतल्या ठोकाठोकीने म्हातारीचे कान बारा वर्षांपूर्वी पार गेले होते. घणांचा आवाज एवढा, की त्या आळीतली माणसे बोलतात तीसुद्धा दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. एक शब्द, ठोका, मग पुढचा शब्द. गोंदाजीची दुपारची हाक तर गावात प्रसिद्ध होती. भूक लागली की कामावरूनच तो ओरडे, "आई!" मग ठोका. "अगं आई!" मग ठोका. तिसऱ्या हाकेला आवाज वर चढे, चवथीला फाटे. म्हातारीला ऐकू येत नाही हे ठाऊक असून गडी रोज ओरडे, आणि शेवटी हातोडा आपटून आत जाई. कान शाबूत होते तेव्हा मंजुळाबाई आतून उत्तर देई, "आले रे आले, गाव गोळा करशील का!" ते उत्तर बंद होऊन बारा वर्षे झाली, पण हाकेची सवय काही सुटली नव्हती.

मंडळात मात्र गोंदाजी असा गाईच ना. "तुझी ती तांबटी हाक घरी ठेवून ये बाबा," असे बुवांनी त्याला पहिल्याच दिवशी सुनावले होते. तेव्हापासून तो गळा आवळून, आवाज बारीक करून, जमेल तेवढा बुवांसारखा गाई.

कागद गोंदाजीच्या हाती गेलेला पाहून बुवांचा चेहरा उतरला. पण मोठा माणूस, लगेच हसून म्हणाले, "महाराजांची आज्ञा, आम्ही कोण बोलणार? पण गोंदाजी, एक ठरवून टाकू. चाल नवी पाहिजे. उसनी निघाली, तर टाळ खाली ठेवायचा आणि पुन्हा या मंडळात उभं राहायचं नाही. कबूल?"

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावे की नाही? पण गोंदाजी पडला भोळा. सगळे बघतायत म्हणून घाईघाईने "कबूल" म्हणून बसला. काय कबूल करून बसलो ते त्याला घरी पोचल्यावर कळले. त्या टाळाशिवाय त्याला जगात होते काय? दिवसभर तांबे, आणि घरी न ऐकणारी आई. संध्याकाळचे ते दोन तास, तेवढेच त्याचे.

अभंग चार कडव्यांचा होता. ध्रुपद असे:

किती मारू हाका । उघड ना दार ।
थकलो मी फार । मायबापा ॥

गोंदाजीने पहिली चाल आठ दिवसांत बसवली. हंडा ठोकून मठारताना सुचली, फार गोड वाटली. मठात जाऊन म्हणून दाखवली. बुवांनी डोळे मिटले, मान हलवली. "ही तर आमच्या गुरुजींची काकड्याची चाल. शेपूट तेवढं उलटं लावलंयस." मंडळी हसली. आणि सांगायला वाईट वाटते, पण बुवांचे खरे होते.

दुसरी चाल आणली. "ही जात्यावरची. माझी आत्या म्हणायची." तेही खरेच निघाले.

मग गोंदाजी इरेला पेटला. कुणाचीच नको ना? ठीक आहे! जिथे सगळे वर जातात तिथे हा खाली आला, जिथे थांबायचे तिथे पळाला, आणि ठेका असा काही ठेवला की पखवाजवाला चार वेळा चुकला आणि पाचव्यांदा पखवाज बाजूला सारून तंबाखू मळायला बसला. एका टाळकऱ्याने विचारलेसुद्धा, "गोंदाजी, हे संपलं का चालू आहे अजून?" ही चाल कुणाची ते बुवांना सांगता आले नाही. "एवढं वाईट मी कधी कुणाकडून ऐकलेलं नाही," एवढेच ते म्हणाले.

पुण्यतिथीला दोन दिवस उरले तेव्हा गोंदाजी महाराजांपुढे जाऊन बसला. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली.

"महाराज, हा कागद परत घ्या. काहीही लावलं तरी ते दुसऱ्याचंच निघतं. आणि कुणाचंच नसेल असं केलं, तर ते माणसाचंच राहत नाही."

"नवं कर असं तुला कोण म्हणालं?" महाराज कडाडले. "मी म्हटलं, अभंगाला चाल लाव. तू आपला बुवा काय म्हणेल त्याला चाल लावत बसलायस! वाचलास का कागद?"

"वाचला की. पाठ आहे."

"पाठ आहे म्हणे! डोंबल तुझं." महाराजांनी खांद्यावरची झोळी काढली आणि तिचे तोंड उघडून त्याच्यापुढे धरली. "तुला येतात तेवढ्या सगळ्या चाली हिच्यात टाक."

"झोळीत? चाली?"

"गुणगुण आणि टाक. मला कामं आहेत."

गोंदाजीला वाटले, आज महाराजांचे बिनसले आहे. पण गुरूचा शब्द! झोळीत तोंड खुपसून तो एकेक चाल गुणगुणू लागला. काकड्याच्या, आरत्यांच्या, गवळणींच्या, बुवांकडून ऐकलेल्या, आणि स्वतः केलेल्या तीन. ओट्यावरची माणसे तोंडात पदर आणि पंचे घालून हसत होती. शेवटची चाल संपताच महाराजांनी झोळीचे तोंड दोरीने करकचून आवळले आणि म्हणाले, "जा आता."

गोंदाजी घरी आला. हातोडा घेतला. सवयीने काहीतरी गुणगुणायला गेला, तर काही येईना. आरती आठवून पाहिली. शब्द आठवले, चाल गेलेली! लहानपणापासून म्हणत आलेली गणपतीची आरती त्याला पाढ्यासारखी नुसती वाचता येऊ लागली. तो हातोडा टाकून तसाच अनवाणी मठाकडे धावला.

"महाराज, माझ्या चाली परत द्या!"

"तुझ्या? तुझी एक तरी होती का तीत? ज्याच्या त्याला परत गेल्या त्या." महाराजांनी रिकामी झोळी झटकून दाखवली.

"अहो, परवा पुण्यतिथी! मी गावापुढे म्हणू काय?"

"अभंग म्हण. बहिरा आहेस का?" एवढे बोलून महाराज आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

दोन दिवस गोंदाजीने काय भोगले ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्याने महाराजांना मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवले. गुरूला असे बोलावे का, असे तुम्ही विचाराल. अहो, तुमचे सगळे कुणी काढून घेतले असते तर तुम्ही काय बोलला असतात ते आधी सांगा.

पुण्यतिथीची सकाळ उजाडली. मठापुढचे अंगण भरले होते. तांबट आळीने घण बंद ठेवले होते, त्यामुळे गावात शांतता अशी की कानांना चुकल्यासारखे व्हावे. समाधीच्या पायरीजवळ बायकांत मंजुळाबाई बसली होती, वाती वळत. बुवा पुढेच, तंबोऱ्याला टेकून.

"हं, ऐकवा गोंदाजी. की टाळ आत्ताच ठेवताय?"

गोंदाजी उभा राहिला. टाळ वाजवला. तोंड उघडले. काही नाही. पुन्हा टाळ वाजवला. पुन्हा काही नाही. अंगणात खुसखुस सुरू झाली. पखवाजवाला डोळ्यांनी विचारत होता, कुठून सुरू करू? गोंदाजीच्या कपाळावरून घाम निथळू लागला. त्याने महाराजांकडे पाहिले, तर महाराज कान कोरत बसलेले!

आणि मग गोंदाजीला राग आला. असा राग त्याला जन्मात आला नव्हता. बुवांचा राग, महाराजांचा राग, स्वतःच्या भोळेपणाचा राग, आणि त्या समाधीत निवांत निजलेल्या आजेगुरूंचाही राग. इतके दिवस मी ऊर फोडतोय, आणि कुणी म्हणून 'ओ' देत नाही? तेवढ्यात हातातल्या कागदावर त्याची नजर गेली. किती मारू हाका. अरे! हेच तर लिहिले आहे इथे! महिनाभर ज्याला गोड गोड चाली चिकटवत बसलो, तो अभंग चिडलेल्या माणसाचा आहे!

"किती!" तो ओरडला, आणि टाळ हाणला. "मारू हाका!" पुन्हा टाळ. आवळलेला गळा सुटला. शब्द, ठोका, शब्द, ठोका. तिसऱ्या वेळी आवाज वर चढला, "उघड ना दार!" आणि चवथ्या वेळी "थकलो मी फार" म्हणताना तो फाटला, जसा रोज दुपारी फाटे तसाच. पण फाटला तिथे त्याने लपवला नाही. तिथेच थांबला, एक ठोका रिकामा जाऊ दिला, आणि मग अगदी हळू, हातोडा खाली ठेवलेल्या माणसासारखा म्हणाला, "मायबापा..."

पखवाजवाल्याचा हात आपोआप पडला, नेमका त्या रिकाम्या जागी. टाळकरी उचलून धरू लागले. पुन्हा तेच ध्रुपद, आता चाळीस गळ्यांतून. किती! मारू हाका! बायका डोळे पुसू लागल्या.

आणि बायकांतून खणखणीत आवाज आला, "आले रे आले! गाव गोळा करशील का!"

सगळे जागच्या जागी थांबले. मंजुळाबाई उठून उभी राहिली होती. मांडीवरच्या वाती खाली सांडल्या होत्या. बारा वर्षे ठार बहिरी असलेली म्हातारी आपल्या लेकाकडे बघत होती आणि पुटपुटत होती, "ऐकू आलं. अरे गोंद्या, मला ऐकू आलं."

गोंदाजी टाळ गळ्यात तसाच घेऊन धावला आणि आईच्या कुशीत शिरून लहान पोरासारखा रडला. लोकांनी महाराजांचा जयजयकार केला. महाराज वैतागून म्हणाले, "अरे, आधी तीन कडवी राहिलीत ती म्हणा! रडायला सगळा दिवस पडलाय."

अभंग पुरा झाला. मग महाराज वळले. "काय बुवा, कुणाची ही चाल?"

बुवांनी सवयीने डोळे मिटले. मान हलेना. चारशे चाली त्यांनी मनातल्या मनात चाळल्या, एकेक काढून लावून पाहिली. काकड्याची नाही, जात्यावरची नाही, गुरुजींची नाही. हे चालले होते तेव्हा त्यांच्या मनात भलतेच येऊन बसले. या चारशेंतली माझी कोणती? वीस वर्षे समाधीपुढे ज्या वीस चाली मी नव्या म्हणून म्हटल्या, त्यांचे धनी तर मला एकेकाचे नाव घेऊन सांगता येतील! दुसऱ्याची चोरी इतकी पटकन ओळखू कशी येत होती, ते त्यांना आज कळले.

डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "महाराज," बुवा म्हणाले, "ही गोंदाजीची." आणि तंबोरा खाली ठेवून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "ती झोळी माझ्यापुढेही धरा."

"चारशे?" महाराजांनी कपाळाला हात लावला. "फाटेल ना रे ती! उद्यापासून रोज थोड्या आण. आणि पाया पडायचं तर माझ्या कशाला पडतोस?"

तेव्हा वामनबुवा पळसगावकर, ज्यांच्यापुढे गावात कुणी गुणगुणत नसे, उठले, गर्दीतून वाट काढत गोंदाजीकडे गेले आणि सर्वांदेखत त्याच्यापुढे वाकले. गोंदाजी दचकून मागे सरला. "अहो बुवा, हे काय! उठा, उठा." बुवा काही उठेनात.

शेवटी मंजुळाबाईच पुढे झाली. बारा वर्षांनी जग ऐकणारी म्हातारी. तिला आता सगळ्यांशीच बोलायचे होते. तिने बुवांच्या दंडाला धरले. "उठा हो बुवा. माझ्या पोराचा आवाज मोठा आहे खरा, पण मनाचा वाईट नाही तो. चला, दोघंही भाकर खाऊन घ्या."

आजही तळेखेडला माघातल्या त्या सकाळी तांबट आळीचे घण बंद असतात, आणि ध्रुपदातल्या त्या रिकाम्या ठोक्याला सगळे गाव श्वास धरून थांबते. ज्याला हाक मारायची आहे त्याने आपल्याच आवाजात मारावी, ऐकणारा आहे. केरोबा महाराजांचा राग आपणा सर्वांच्या वाट्याला येवो!