लुगड्यातले सरदार

सरदार रायाजीराव मिशांवर ताव मारून चारचौघांत सांगत, "बाजारातून विकत आणलेल्या माझ्या कुणबिणी इतक्या सुखात आहेत, की मोकळ्या सोडल्या तर धाय मोकलून रडतील!" पंखा ढाळणारी कुणबीण येसू हे ऐकायची आणि ओठ चावायची.

त्यांच्या गढीत एक गमतीची रीत होती. धुळवडीला एका कुणबिणीनं सरदार व्हायचं आणि सरदारांनी कुणबीण. त्या दिवशीच्या सरदाराचा हुकूम मोडला, तर गादीला कायमचा बट्टा लागे.

यंदा येसूची पाळी आली. काजळाच्या मिशा काढून ती गादीवर चढली. समोर रायाजीराव लुगड्याचा पदर सावरत उभे राहिले, तशी सगळी गढी पोट धरून हसली.

"काय गं रायाबाई," येसू गरजली, "आमच्या पदरी सुखी आहेस ना? असलीस तर आमचा हुकूम आहे, जन्मभर अशीच राहा!"

"आणि... नसले तर?"

"तर तुझ्यासकट सगळ्या कुणबिणी आत्ताच्या आत्ता मोकळ्या!"

रायाजीरावांना दरदरून घाम फुटला. "नाही हो सरकार, मुळीच सुखी नाही!" ते किंचाळले.

कुणबिणी गुलाल उधळत, नाचत गढीबाहेर पडल्या. धाय मोकलून रडणारी एकच निघाली, आणि तिच्या मिशा खऱ्या होत्या.