दुसऱ्याच्या गच्चीवरचे बिबडे

तापीकाठच्या एका गावात द्वारका नावाची एक सून राहायची. कामाला वाघ आणि हट्टाला त्याहून वरचढ. तिच्या सासूच्या हातचे बिबडे पंचक्रोशीत नावाजलेले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, तीळ-लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर पातळ थापून उन्हात वाळवायचा. हे एकटीचं काम नव्हे. घाटा गरम आहे तोवरच थापावा लागतो, म्हणून चार बायकांचे हात लागतात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, अशी गावाची रीतच होती.

हिवाळ्यात सासू गेली. उन्हाळा आला, तरी गावात बिबड्यांचं कुणी नाव काढेना. तालुक्याच्या दुकानात पापडांची पाकिटं मिळू लागली होती. पांढरेशुभ्र, एकसारखे गोल पापड! बायकांनी पाकिटं आणली आणि घरची दादर ज्वारी विकायला काढली. यंदा बिबडे झाले नाहीत तर पुढच्या वर्षी कुणाला त्यांची आठवणही राहणार नाही, आणि सासूच्या हातची चव सासूबरोबरच जाईल, हे द्वारकाला स्पष्ट दिसत होतं. घरात होती नव्हती तेवढी सगळी दादर तिने भिजत घातली.

मग ती घरोघर मदतीला बोलवायला गेली. एकीची कंबर दुखत होती, दुसरीला माहेरी जायचं होतं. शेजारच्या निर्मळाने तर तोंडावरच सांगितलं, की एवढं मरमर मरून शेवटी खायचा तो पापडच ना! नवरा सुकलाल म्हणाला, नाद सोड, मी पाकीट आणतो. द्वारकाने त्याला शेतावर पिटाळलं.

पण पीठ थोडंच कुणासाठी थांबणार? ते आंबून तयार होतं. एकटीने करायला घेतलं, तर निम्मा घाटा भांड्यातच गार झाला असता. द्वारकाने डोकं खाजवलं, आणि ठरवलं, की बोलावून कुणी येत नाही ना, मग आपणच जायचं. सकाळी पिठाचं पातेलं डोक्यावर घेऊन ती थेट निर्मळाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"पीठ माझं, बिबडे तुझ्या घरचे," ती म्हणाली. "तू फक्त थापायला बस."

निर्मळा चक्रावली. पण दारात आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं? पदर खोचून तिने चूल पेटवली. घाट्याचा वास गल्लीत सुटला तशी पोरं वाट्या घेऊन धावली. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. निर्मळाच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी तर पुन्हा मागून घेतलं. बघायला आलेल्या बायकाही हात ओले करून थापायला बसल्या. दुपारपर्यंत निर्मळाची गच्ची बिबड्यांनी भरून गेली. द्वारका रिकामं पातेलं घेऊन घरी परतली. तिच्याकडे आता दादरीचा दाणाही उरला नव्हता.

रीतीप्रमाणे आता निर्मळाने, जशी द्वारका गेली तसं, पीठ घेऊन यायचं होतं. दुसऱ्या दिवशी द्वारका अंगण झाडून वाट बघत बसली. कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सुकलाल म्हणाला, गेलं ना सगळं लोकांच्या घशात? द्वारकाला रडू फुटलं. पण ती रडत बसणारी नव्हती. भावाला निरोप धाडून माहेरची दादर मागवायची, आणि कुणी नाहीच आलं तर थोडे का होईना, एकटीने थापायचे, असं तिने पक्कं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती निरोप धाडायला निघणार, तोच निर्मळा पातेलं घेऊन दारात उभी. मागे गल्लीतल्या बायका.

"इतके दिवस कुठे होतीस गं?" द्वारकाने विचारलं.

"अगं, दादर भिजायला, आंबायला नको का?" निर्मळा म्हणाली. "विकायला काढलेलं पोतं उघडलं आम्ही. पाकीट आणलंस तर तूच खा, म्हणाले सासरे."

द्वारकाने कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर ज्वारी भिजवली आणि एवढं साधं आपल्या ध्यानात येऊ नये! तिला हसू आवरेना. तिने चूल पेटवली, आधण ठेवलं.

निर्मळा तिच्याजवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "तुझ्या सासूबाई तीळ किती घालायच्या, ते नीट दाखव बाई. पुढच्या वर्षी मला माझ्या सुनेला शिकवायचंय."

द्वारकाने ओंजळीत तीळ घेतले आणि साऱ्याजणींना दिसतील असे पुढे धरले.

तात्पर्य: घरची चव नुसती घरात जपून टिकत नाही. आपल्या मातीतलं धान्य आणि आपल्या वाडवडिलांची रीत आपण हट्टाने धरावी, आणि ती दुसऱ्याच्या चुलीपर्यंत स्वतः पोहोचवावी.