उघड्या तड्याची गिटार

"शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत ही गिटार विकायची," भूपालआण्णांनी फर्मावलं. "पूर्ण किमतीला. तडा झाकायचा नाही, सांधायचा नाही, आणि गिऱ्हाइकाशी एक शब्द खोटा बोलायचा नाही. जमलं तर या दुकानात पुन्हा स्टिकर चिकटणार नाही. नाही जमलं तर इथून पुढचे सगळे स्टिकर तू तुझ्या हाताने चिकटवायचे."

"मंजूर!" सौमित्र म्हणाला. आधी हो म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही त्याची कॉलेजपासूनची सवय.

सांगलीतलं हे वाद्यांचं दुकान भूपालआण्णांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं. येताना किंवा हाताळताना गिटारला तडा गेला की आण्णा त्यावर गुलाबाचा, गरुडाचा नाहीतर ज्वाळांचा स्टिकर लावत आणि 'स्पेशल' म्हणून विकत. लोकांना संशय येऊ नये म्हणून पुढे पुढे धडधाकट गिटारींनाही स्टिकर लागले. आता दुकानात बिनस्टिकरची गिटार एकच होती. सकाळीच खोक्यातून निघालेली, पुढच्या फळीवर बोटभर तडा असलेली. आण्णा तिच्यावर गरुड बसवणार, तोच तीन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या सौमित्रने त्यांचा हात धरला आणि व्यापारातल्या सत्यावर पंधरा मिनिटं भाषण केलं. एमए झाल्यापासून त्याला इतका निवांत श्रोता मिळाला नव्हता. आण्णांचा डोळा लागला होता, हे त्याला नंतर कळलं.

दुसरी श्रोती होती नसीमा. मिरजेच्या तंबोरे घडवणाऱ्या घरातली. दर मंगळवारी आणि शनिवारी ती वाद्यांच्या तारा बदलायला यायची. तडे सांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्टिकर आले आणि तिचं ते काम गेलं.

"भाषण झालं की सांगा, भाऊ," ती म्हणाली, "मला तार ऐकायचीय."

बुधवारी सौमित्रने ती गिटार दारातच टांगली आणि खाली ठळक अक्षरांत पाटी लावली : 'या गिटारला तडा आहे. आम्ही तो लपवत नाही.' लोक थांबत, पाटी वाचत आणि निघून जात. गुरुवारी एका कॉलेजकुमाराला त्याने ग्राहकाचे हक्क इतके मन लावून समजावले, की तो ते बजावायला थेट समोरच्या दुकानात गेला. शुक्रवारपर्यंत तडा गेलेली सोडाच, दुकानातली साधी बासरीही विकली गेली नव्हती. सौमित्रला वाटलं, समाज अजून तयार नाही. आण्णांना वाटलं, समाज एकदम तयार आहे. त्यांनी स्टिकरचं नवं बंडल आणून त्याच्यासमोर ठेवलं.

शनिवारी दुपारी नसीमा आली. सौमित्रचा चेहरा पाहून तिने एवढंच विचारलं, की पाटी वाचून लोक नेमकं म्हणतात काय.

"एकच विचारतात. हिला तडा आहे, मग बाकीच्यांच्या स्टिकरखाली काय आहे? खोटं बोलायला बंदी. म्हणून मी सांगतो, मला माहीत नाही."

नसीमाने हातातली तार खाली ठेवली. ती उठून गल्ल्यापाशी गेली.

"आण्णा, उद्या नातीचा गिटारचा क्लास सुरू होतोय म्हणं?"

"होय की. जाताना नेणारच आहे एक." घरी न्यायच्या वस्तूचीही पूर्ण किमतीची पावती फाडायची, म्हणजे भावाभावांत कटकट नको, हा नियम आण्णांनीच घातलेला.

"मग घ्या की निवडून. पोरीच्या हातात जायचीय, नीट बघून घ्या."

आण्णांनी ज्वाळांची गिटार उचलली. स्टिकरकडे बघत राहिले. मग हळूच परत ठेवली आणि गुलाबाची घेतली.

"ही चांगली असावी."

"असावी?"

"मीच चिकटवलाय गं हा. पण दिवाळीत एकदम डझनभर आल्या होत्या. कुठली फुटकी, कुठली धड, आता काय लक्षात?" ते नखाने गुलाबाची कड उचकटू लागले.

"आण्णा, खालचं पॉलिश निघून येईल. मग ती विकायची कुणाला?"

आण्णांनी हात मागे घेतला. "तूच एकेक वाजवून सांग ना. तुझा कान आहे."

"तडे बघायचं काम आता माझ्याकडं कुठाय, आण्णा? ते स्टिकरकडं गेलं."

आण्णांनी गरुड पाहिला, दुसरा गुलाब पाहिला, कवटीवाली तर हातातही घेतली नाही. शेवटी दारापाशी आले. उघड्या तड्यावरून अंगठा फिरवला. तडा बोटभरच होता, तारा टेकतात त्या घोडीपर्यंत गेला नव्हता. तारा छेडल्या. कुठे खरखर नाही.

"हिचं दुखणं निदान दिसतंय तरी," ते म्हणाले. "हीच बांध."

सौमित्र पावती लिहायला बसला. किमतीचा शेवटचा आकडा लिहिताना त्याचा हात थबकला. एवढं शिकूनही कोडं सुटल्याचं दुकानात सगळ्यात शेवटी त्यालाच कळलं असतं. पण शेवटून दुसरा नंबर आला, कारण आण्णा अजून पाकीट काढत होते.

"पूर्ण किमतीची लिहा, भाऊ," नसीमा म्हणाली. "तडा उघडा आहे, दुरुस्ती केलेली नाही, आणि गिऱ्हाइकाशी आपण एक अक्षर खोटं बोललेलो नाही. गिऱ्हाईकही साधंसुधं नाही. सगळ्या गिटारी पारखून त्याने हीच घेतली!"

आण्णा पाकीट हातात धरून उभेच राहिले. त्यांनी गिटारकडे पाहिलं, पावतीकडे पाहिलं, आणि असे गडगडून हसले, की भिंतीवरच्या सगळ्या वाद्यांच्या तारा झणझणल्या.

"मलाच विकलीस की गं, माझ्याच दुकानात!" डोळे पुसत ते म्हणाले. "सोमवारपासून खिडकीजवळचं टेबल तुझं. एकेक गिटार वाजवून बघ, तडा असेल ती सांध, आणि मजुरी तू सांगायची, मी नुसती मान हलवायची. पण आधी ही सांधायला घे. उद्या सकाळी नऊला क्लास आहे!"