काळ्या मातीवरचा पांढरा ससा

फार पूर्वी उत्तरेच्या बर्फाळ डोंगरात ढवळू नावाचा ससा बायकोपिल्लांसह राहत होता. हिवाळ्यात त्याचे अंग पांढरेशुभ्र होई. कोल्हा आला की तो नुसता डोळे मिटून बसे आणि कोल्हा शेजारून निघून जाई. त्यामुळे पळणे त्याने सोडूनच दिले होते.

एकदा ऐन पौषात डोंगरावरून गरम वारा सुटला. दुपारपर्यंत सगळा बर्फ वितळला आणि खालची काळी माती उघडी पडली.

"अहो, कपारीत चला," पिल्लांना आत ढकलत बायको म्हणाली. "लांबूनसुद्धा दिसताय तुम्ही."

"मी आजवर कुणाला दिसलेलो नाही," असे म्हणून ढवळू जागेवरच बसून राहिला.

थोड्या वेळाने कोल्हा आला. ढवळूने डोळे मिटले. कोल्हा सरळ त्याच्यापुढे येऊन थांबला.

"रामराम, ससेबुवा. बरे आहात ना?"

ढवळूने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. न दिसणाऱ्याने बोलू नये, एवढे त्याला कळत होते.

कोल्ह्याने उत्तराची फार वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भरपूर बर्फ पडला. सगळा उतार पांढरा झाला. ढवळूच्या बायकोने डोळे पुसले, पांढऱ्याशुभ्र पिल्लांना बाहेर काढले आणि पळायला शिकवायला घेतले.